डोंगरवाटेला वेळ किती धरायचा?

तळी आणि टेकड्यांच्या मधल्या गावातून पायवाटेने निघणार असाल, तर नुसते किलोमीटर बघून वेळ ठरवू नका. चढही मोजा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब आजही कामाला येतो: साधारण ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. यात पाणी पिणं, फोटो काढणं, बुटातला खडा झटकणं काहीच धरलेलं नाही. मी तरी दीडपट वेळ धरूनच निघतो.

चढ मोजताना गाव आणि माथा यांच्या उंचीतला फरक पुरत नाही. मध्ये वाट खिंडीत उतरून पुन्हा चढत असेल, तर तोही चढ त्यात मिळवायचा. नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, दाटीवाटीने आल्या की तिथे दमछाक होणार, हे नक्की.

तळ्याकाठची वाट सपाट, म्हणून बिनधास्त राहू नका. ओढा तळ्याला मिळतो तिथे चिखल असतो आणि पाणी वाढलं की वाटच बुडते. गावात विचारताना ‘वाट आहे का’ एवढंच नको, ‘सध्या पाण्याबाहेर आहे का’ असंही विचारा.

आणि फाटा फुटला की फांद्या बघा. पायाखाली वाट मळलेली, पण छातीच्या उंचीवर फांद्या आडव्या येत असतील, तर ती बहुधा शेळ्यांची वाट. मागे फिरा.