चेनसॉ मिलवर बँडसॉ चढवताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी भागात बांधावरचा फणस, आंबा किंवा जांभूळ उतरवला की ओंडका वखारीपर्यंत ओढण्यापेक्षा मिलच झाडाजवळ नेणं परवडतं. बहुतेकांची सुरुवात चेनसॉ मिलनं, म्हणजे सांगाड्यावर बसवलेल्या साखळी-करवतीनं होते आणि मग भुशाचा ढीग डोळ्यांत खुपायला लागतो. चेन एका कापात साधारण ८ मिलिमीटर लाकूड खाते, बँडसॉचं, म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणारं ब्लेड जेमतेम २. ३०० मिलिमीटरच्या ओंडक्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढल्या, तर चेनवर ९ निघतात आणि बँडवर ११. हिशेब पक्का आहे. म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जुन्या सांगाड्यावर बँडसॉचं डोकं, म्हणजे चाकं, ब्लेड आणि मोटर, बसवून घ्यायचं ठरतं, आणि तिथून चुका सुरू होतात. चेन सांगाड्याचे दोष पोटात घालते, ब्लेड ते सगळे फळीवर उमटवतं.

पुलीचा हिशेब न करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ब्लेडचा वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास हवा. १९ इंची चाकाचा घेर साधारण दीड मीटर, म्हणजे चाक मिनिटाला १००० फेरे फिरलं पाहिजे. १४४० आरपीएमची थ्री फेज मोटर असेल, तर मोटरवर ६ इंची आणि चाकावर पावणेनऊ इंची पुली चालते. पेट्रोल इंजिन ३६०० वर पळत असेल, तर ३ इंचीला जवळजवळ ११ इंची जोडावी लागते. हाताशी असलेल्या दोन सारख्या पुल्या टाकून ३६०० वर चालू केलं तर ब्लेड सेकंदाला ९० मीटरनं धावेल. असं यंत्र चालू असताना शेजारी उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. चेनसॉचंच इंजिन इथं वापरायचा मोहही सोडा. त्याची ताकद ९००० च्या वर आरपीएम गेल्यावर मिळते, इतकं कमी करत आणणं खटाटोपाचंच ठरतं.

चाकाचंही तसंच. १.१ मिलिमीटर जाडीच्या ब्लेडला १९ इंची चाक लागतं. भंगारात १२ इंची मिळालं म्हणून तेच लावलं, की दर फेऱ्याला ब्लेड जास्त वाकतं आणि दोन दातांमधल्या खाचेत बारीक तडे जातात. मग ‘ब्लेडच खराब निघालं’ म्हणून दुकानदाराशी भांडण! बेळगावात ओतकाम चांगलं होतं, चाक ओतून घ्यायला अडचण नाही. पण लेथवर कडा काढून झाल्यावर ते मोकळ्या शाफ्टवर हातानं फिरवून बघा. दरवेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती बाजू जड आहे, बॅलन्स केल्याशिवाय बसवू नका. चाकावर व्ही-बेल्ट चढवा, उघड्या लोखंडावर ब्लेड पळवलं की दातांचा सेट, म्हणजे आळीपाळीनं दोन्ही बाजूंना वळवलेली ठेवण, जातो.

फळीला लाट आली की ताण वाढवणं

फळीला लाट आली की पहिला हात ब्लेडच्या ताणाच्या बोल्टकडे जातो. थांबा. आधी धार लावलेलं ब्लेड चढवून बघा. लाट गेली तर दोष बोथट दातांचा होता. सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते. वाळलेल्या बाभळीला १० अंश पुढे झुकलेल्या दातापेक्षा ४ अंश झुकलेला दात बरा. नवीन ब्लेडनंही लाट येत असेल तर ब्लेडला सरळ धरणारे गाइड रोलर तपासा. रोलरनं ब्लेड सुमारे ६ मिलिमीटर खाली दाबलेलं असावं, आणि सरकता गाइड ओंडक्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा. तेही ठीक असेल, तर मग ताण बघा. काम संपल्यावर ताण सैल करायचाच; रात्रभर ताणून ठेवलं की ब्लेडही थकतं आणि चाकावरचा बेल्टही दबतो.

डोकं ज्यावर सरकतं ते रूळ मात्र दर जागी नव्यानं लेव्हलला घ्या. लाल मातीत पाऊस मुरला की एक पाय बसतो आणि सकाळी सरळ असलेली मिल दुपारी पीळ असलेल्या फळ्या देते.

फणस कापताना चीक ब्लेडला चिकटतो, त्यावर भुसा बसतो आणि ब्लेड भरकटतं. साबणाचं पाणी थेंबथेंब सोडलं की पुरतं. डिझेल टाकणारेही आहेत, पण फळीला वास राहतो.

थ्री फेज मोटर जोडली की ब्लेड चढवण्याआधी ती कुठल्या दिशेनं फिरते ते बघा. दोन वायरी उलट लागल्या तर चाक उलटं पळतं. शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवू नका, २००३ च्या वीज कायद्यात तो अनधिकृत वापर ठरतो. ‘फिरती मिल आहे, परवाना कशाला’ हाही भ्रमच. जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली राज्यांना विनापरवाना सॉ मिल चालू देऊ नका असं बजावलं आहे. डोकं बदलण्याआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात लेखी विचारा. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून ओंडका आणायचा असेल तर राज्य बदलतं, वाहतूक परवान्याची चौकशी आधी करा.

बांधावरच्या झाडात कुंपणाची तार किंवा पाटीचे खिळे हमखास असतात. ओंडक्याच्या तोंडावर निळसर काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. चेनचे चार दात गेले तर घासून चालतं, बँडचं अख्खं ब्लेड जातं. तेवढा तुकडा आधी जुन्या चेनसॉनं उडवा.