राउटरवर एंटर मारण्याआधी

रात्रीच्या चेंजसाठी, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंग्ज बदलायला, पहिल्यांदाच एकट्याने साइटवर निघालेल्यांसाठी ही यादी. उदाहरणं सिस्को कंपनीच्या राउटरची, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा हात त्यावरच बसलेला असतो.

आधी केबल. लॅपटॉप थेट राउटरला जोडणारी फिकट निळी कन्सोल केबल एका टोकाला आरजे-४५ (नेटवर्क केबलसारखा प्लग) असते, आणि दुसऱ्या टोकाला लागणारा नऊ पिनांचा सीरियल पोर्ट आताच्या लॅपटॉपला नसतोच. म्हणजे यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेताना शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका. चिप नकली निघाली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो, आणि तो नेमका बेसमेंटमधल्या सर्व्हर रूममध्ये दिसतो, जिथे मोबाइलला रेंज नसते. ड्रायव्हर घरीच टाका, एकदा जोडून कॉम पोर्टचा नंबर बघून घ्या. दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावलं की हा नंबर बदलू शकतो. पुटीमध्ये (लॅपटॉपवरून राउटरला कमांड द्यायचा प्रोग्राम) स्पीड ९६००, डेटा बिट ८, स्टॉप बिट १, पॅरिटी नन. फ्लो कंट्रोल मात्र आपल्या हाताने नन करावं लागतं, पुटी ते एक्सऑन-एक्सऑफवर ठेवते. स्क्रीनवर चिन्हांचा कचरा उमटला तर राउटर बिघडलेला नाही, स्पीड चुकलाय.

गेट पास, रॅकची किल्ली आणि लिंकचा सर्किट आयडी (टेलिकॉम कंपनीने त्या लाइनला दिलेला नंबर) कागदावर लिहून घ्या. लॉगिनचा पासवर्ड आणि इनेबलचा (सेटिंग्ज बदलायचे अधिकार देणाऱ्या कमांडचा) पासवर्ड वेगळा असू शकतो, दोन्ही संध्याकाळीच चालवून बघा. रात्री एक वाजता पासवर्ड विचारायला कुणी फोन उचलत नाही.

आत शिरल्यावर कॉन्फिगरेशन मोडमध्ये, जिथे सेटिंग्ज बदलतात, लगेच उडी नको. पुटीचं लॉगिंग चालू करा, ‘टर्मिनल लेंथ ०’ द्या म्हणजे पानापानाला स्पेसबार दाबावा लागणार नाही, मग ‘शो व्हर्जन’, ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’, ‘शो रनिंग-कॉन्फिग’ (आत्ता चालू असलेल्या सेटिंग्ज). ही फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. टाइप ७ या सिस्कोच्या कमकुवत पद्धतीने लपवलेले पासवर्ड झाकलेले दिसतात, पण काही सेकंदांत उलगडतात.

आता खरं काम, म्हणजे परतीची सोय. कन्सोलवर बसलात तर लिंक गेली तरी तुम्ही आत असता, एसएसएचवरून, म्हणजे दूर बसून नेटवर्कमधूनच लॉगिन केलं तर, मात्र ज्या फांदीवर बसलोय तीच आपण कापत असतो. मी एकदा अंधेरीत बसून भिवंडीच्या गोदामातल्या राउटरवर अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही याची यादी) लावली. लिस्टच्या शेवटी न दिसणारा ‘डिनाय एनी’, म्हणजे बाकी सगळ्यांना मनाई, असतो हे पाठ होतं, तरी स्वतःच्या आयपीला परमिट द्यायला विसरलो. एंटर मारलं आणि कर्सर थिजला. वॉचमन काकांना फोन लावला, “काका, तो हिरव्या लाइटचा डबा बंद करून चालू करा.” काकांनी सीसीटीव्हीचा डीव्हीआर बंद केला. दुसऱ्या फोनला राउटर सापडला. सेव्ह केलेलं नव्हतं म्हणून तो जुन्या कॉन्फिगवर उठला आणि माझी भिवंडीची फेरी वाचली.

तेव्हापासून बदल करण्याआधी ‘रीलोड इन १०’. दहा मिनिटांत तुम्ही रद्द केलं नाही तर राउटर आपोआप रीस्टार्ट होतो आणि स्टार्टअप, म्हणजे शेवटी सेव्ह केलेल्या, कॉन्फिगवर येतो. ‘सेव्ह?’ विचारलं तर ‘नो’, नाहीतर अर्धवट बदल कायमचे बसतील. रीस्टार्टमध्ये सगळ्यांची लिंक जाते, म्हणून हे मंजूर वेळेतच. ज्युनिपर कंपनीच्या राउटरवरचं ‘कमिट कन्फर्म्ड’ याहून सभ्य: मुदतीत पक्कं केलं नाही तर फक्त बदल मागे जातात, डबा चालूच राहतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरला कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड, तिथे कनेक्शन तुटलं तर बदल मागे जातात.

बदल झाला की पलीकडच्या माणसाकडून पिंग (लिंक जिवंत आहे का एवढीच चाचणी) नव्हे, त्यांचं बिलिंग उघडून बघायला सांगा. चाललं तर ‘रीलोड कॅन्सल’, मग ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’, म्हणजे सेव्ह. कॅन्सल राहिलं तर जिन्यात असतानाच फोन वाजेल.

आणि स्वेटर घ्या. काम दोनला आटपलं तरी पहाटेपर्यंत लोकल नाही, रविवार उजाडत असेल तर मेगाब्लॉकही बघून ठेवा. तोवर बसायला तीच एसीची खोली.