होल्डरवर 'यूएनसी' लिहिलेला चांदीचा रुपया घेण्याआधी

इंदूरच्या सराफ्यात जुना कलदार, म्हणजे ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया दोन भावांनी मिळतो. चांदीवाला तो चांदी म्हणून देतो, वर थोडी मागणीची भर. नाण्यांचा विक्रेता तोच रुपया पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये घालतो, कोपऱ्यात दर्जा म्हणून 'एक्सएफ' किंवा 'यूएनसी' असं लिहितो आणि कितीतरी जास्त मागतो. जादा पैसे जातात ते त्या अक्षरांचे, आणि ती अक्षरं लिहिणारा व पैसे घेणारा माणूस एकच असतो. तो लबाडच असेल असं नाही; आपल्या मालाकडे जरा कौतुकानेच बघितलं जातं. म्हणून होल्डर हातात आला की लिहिलेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवावा, दर्जा आधी आपण ठरवावा आणि मग अंगठा काढावा.

या अक्षरांमागची मोजपट्टी अमेरिकेतून आली. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी पट्टी मांडली, आणि पुढे चांदीचे डॉलरही तिच्यावर मोजले जाऊ लागले. ६० आणि वर म्हणजे यूएनसी (अनसर्क्युलेटेड): वापराची झीज अजिबात नाही. ५० ते ५८ म्हणजे एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड), फक्त सर्वांत उंच जागी झिजेची चाहूल. ४० ते ४५ एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), २० ते ३५ व्हीएफ (व्हेरी फाइन), १२ ते १५ फाइन. आपल्याकडचे विक्रेते मधले आकडे सहसा लिहीत नाहीत, आणि गफलतीला जागा तिथेच मिळते. व्हीएफ २० आणि व्हीएफ ३५ यांच्यात बराच फरक आहे, पण दोन्हींवर 'व्हीएफ' एवढंच लिहिलेलं असतं.

तपासायचा क्रम ठरलेला ठेवा: नाणं अस्सल आहे का, त्याच्यावर काही उद्योग झालेत का, झीज किती, आणि शेवटी किंमत. नवखा माणूस आधी चमक बघतो आणि तिथेच फसतो.

वजन, चुंबक आणि पाण्याचा ग्लास

ब्रिटिश हिंदुस्थानचा चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर, चांदी ९१.७ टक्के. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा आणि दहापट भिंग एवढं सामान पुरतं. चांगला झिजलेला रुपया ११.३ ते ११.५ पर्यंत उतरतो, त्यात काही गैर नाही. पण दर्जा आणि वजन जुळलं पाहिजे. 'यूएनसी' म्हणून दिलेला रुपया ११.४ भरला, तर एक तर दर्जा खोटा किंवा नाणं खोटं.

राजा आणि साल यांचाही मेळ बघा. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असतं, आणि ती १९०१ ला संपते. सातवा एडवर्ड १९०३ ते १९१०, पाचव्या जॉर्जचे चलनातले रुपये १९११ ते १९२२. धनत्रयोदशीला विकायला केलेल्या नवीन 'राणी छाप' नाण्यांवर हा मेळ पुष्कळदा चुकलेला असतो. सहाव्या जॉर्जचा १९४० ते १९४५ चा रुपया निम्म्याच चांदीचा आहे. त्याच्या कडेत मधोमध एक खाच फिरते. १९३९ चा रुपया दुर्मीळ आणि ९१.७ टक्के चांदीचा आहे, त्याची कड साधी कंगोऱ्यांची. १९३९ साल आणि कडेत खाच असं एकत्र दिसलं तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावं. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे आणि चुंबकाला चिकटतो, तरी तो 'चांदीचा' म्हणून दाखवणारे भेटतात.

घरी आणल्यावर, म्हणजे परत करायची मुदत चालू असताना, पाण्याची चाचणी करा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, अंगावरचे बुडबुडे झटका. आता काटा जे दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता निघते. पूर्ण वजनाच्या चांगल्या रुपयाला काटा १.१२ ते १.१४ दाखवतो, घनता १०.३ च्या आसपास. निम्म्या चांदीच्या रुपयाला सुमारे १.२२, तांबे-निकेलच्या नकलेला १.३१. दोरा ओला होऊन जाड झाला की आकडा वर सरकतो, म्हणून शिवणाचा एकच धागा घ्यावा, सुतळी नको.

या चाचणीची मर्यादाही मोठी आहे. चांदीचीच नक्कल तिच्यातून सुटते, आणि अशा नकला मुबलक आहेत. तिथे भिंग लागतं. अस्सल रुपयाची अक्षरं नाण्याच्या सपाट भागातून सरळ उभी राहतात, त्यांचा पाया धारदार असतो. ओतीव नकलेत अक्षरांच्या मुळाशी गोलाई येते, सपाट भागात बारीक छिद्रं दिसतात, आणि कडेवर दोन साच्यांचा सांधा घासून टाकल्याची रेघ सापडते. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली तर अस्सल रुपया लांब वाजतो. फरशीवर आपटून आवाज बघण्याची जुनी सवय मात्र सोडा. त्यात कड चेपते आणि दर्जा आपल्याच हातून उतरतो.

कडी, डाग आणि चिंच

माळव्यात रुपयांच्या माळा घालण्याची रीत जुनी, त्यामुळे बाजारातल्या पुष्कळ रुपयांना कधीतरी कडी लागलेली असते. कडी काढून जागा घासली की समोरून काही कळत नाही. नाणं कडेवर धरून सावकाश फिरवा. राजाच्या डोक्यावरच्या बाजूला कंगोरे अचानक बुजलेले, रुंद किंवा नव्याने कोरल्यासारखे दिसले, किंवा तेवढ्याच जागी चांदीचा रंग पिवळट वा करडा असला, की तिथे डाग (झाळ) देऊन जोड होता. होल्डरमध्ये कड दिसत नाही, म्हणून महाग नाणं होल्डरबाहेर काढून दाखवायला सांगा. 'काढलं तर दर्जा जाईल' असं उत्तर आलं तर हसून सोडून द्या. चार स्टेपलांनी शिवलेल्या पुठ्ठ्यात दर्जा राहत नसतो. एवढंच की स्टेपल आधी पूर्ण काढायच्या, नाहीतर तिचं टोक थेट राणीच्या गालावरून जातं.

सराफांनी परखताना मारलेले बारीक टोचेही असतात. त्याने नाणं खोटं ठरत नाही, उलट जुन्या व्यवहारातून गेल्याची खूण मिळते. पण किंमत उतरते, आणि असं नाणं कितीही कमी झिजलेलं असलं तरी त्याला निर्भेळ एक्सएफ म्हणता येत नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान सफाई करते. ती ओळखायला घरचंच उदाहरण घ्या. देवघरातले लक्ष्मीपूजनाचे रुपये वर्षानुवर्षं चिंचेने, रिठ्याने किंवा पावडरीने घासलेले असतात. त्यातला एक घेऊन एकाच दिव्याखाली तिरका करा: सपाट भागात एकाच दिशेने जाणाऱ्या असंख्य केसाएवढ्या रेघा उठून दिसतील. अक्षरांच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचा किंवा पावडरीचा पांढुरका गाळ असेल. हे रुपये पूजेसाठी आहेत, त्यांना काही करू नका; फक्त ते रूप डोळ्यात बसवा. सराफाने तेजाबात उजळलेला रुपया याहून फसवा असतो. त्याच्यावर रेघा नसतात, पण तो सगळीकडे एकसारखा पांढरा दिसतो, खोलगट आणि उंच भागात काही फरकच नाही. शंभर वर्षांच्या चांदीवर कुठेतरी करडी, सोनेरी किंवा निळसर छटा यायला हवी. ती अजिबात नसेल तर तिची कुणीतरी वाट लावली आहे.

झीज कुठे बघायची

ट्यूबलाइटखाली दर्जा ठरत नाही, कारण तिचा उजेड पसरट. एकच बल्ब, हातभर अंतरावर, खाली मऊ कापड, आणि नाणं कडेला धरून सावकाश तिरकं करायचं. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, आणि फिरताना उंच भागावर तुटत नाही. तो गालावर किंवा केसांवर येऊन तुटला, तिथे मंद करडा डाग राहिला, तर ती झीज. मग वर काहीही लिहिलेलं असो, नाणं फार तर एयू. घासून आणलेली चमक फिरत नाही, एका जागी बसून राहते. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाता खाता कुणी नाणं पुढे केलं तर बघायला हरकत नाही, घ्यायला आहे. त्या उजेडात सगळंच यूएनसी दिसतं.

व्हिक्टोरियाचा रुपया आधी गालाच्या उंचवट्यावर, कानाजवळच्या केसांवर आणि पोशाखाच्या भरतकामावर झिजतो. भरतकामातली नक्षी सुटी सुटी दिसते तोवर एक्सएफ. फुलांच्या आतल्या रेघा जाऊन फक्त बाह्यरेषा उरली की व्हीएफ. भरतकामाचा पट्टाच सपाट झाला की फाइन. एडवर्डचं डोकं उघडं, म्हणून कान आणि कानावरचे केस आधी जातात. मागच्या बाजूला मुकुटाचे मोती बघा. ते एकमेकांत मिसळले असतील तर समोरून कितीही देखणं दिसलं तरी एक्सएफ म्हणू नये.

पाचव्या जॉर्जच्या रुपयावर निकाल हत्ती देतो. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती आहे. १९११ च्या नाण्यांवर तो इतका बुटका आणि आखूड सोंडेचा आला की लोकांना डुक्कर दिसलं. ती नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून नीट हत्ती आला. या हत्तीची सोंड, पाय आणि पाठीवरची झूल वेगवेगळी दिसली तर एक्सएफ किंवा वर. झूल पुसली पण हत्ती ओळखू येतो, तर व्हीएफ. नुसता गोळा उरला तर फाइन किंवा खाली. साखळीतला हा कण एवढासा आहे की विक्रेत्याच्या फोटोत तो हमखास अंधुक येतो. ऑनलाइन घेताना नेमका तेवढ्याच भागाचा फोटो मागा, शिवाय कडेचा, काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा, आणि दिव्याखाली तिरकं करतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ.

झीज आणि कमजोर ठसा यांत गल्लत होते. कमजोर ठशात उंच भाग मुळातच नीट उठलेला नसतो. तिथे ठशाआधीच्या कोऱ्या चकतीचा मूळ खडबडीतपणा दिसतो आणि उजेडाचा पट्टा त्यावरूनही फिरतो. झिजलेला भाग गुळगुळीत असतो. होळकरांच्या हातठोक रुपयांत हे आणखी वाढतं. मल्हारनगर टांकसाळीचा सूर्यमुखी रुपया घ्या: ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे निम्मी अक्षरं कडेबाहेर जातात. ती नाहीत म्हणून नाणं झिजलेलं ठरत नाही. जेवढं चकतीवर आलंय त्याची धार बघायची, आणि सूर्याचा चेहरा पूर्ण असेल तर जास्त द्यायची तयारी ठेवायची.

डॉलर हाती आला तर

चांदीच्या अमेरिकी डॉलरला हीच रीत, आकडे वेगळे. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा, ३८.१ मिलिमीटरचा, ९० टक्के चांदीचा. पाण्यात काटा सुमारे २.५९ दाखवेल. तो १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला. झीज बघायची ती कानावरच्या केसांत आणि गरुडाच्या छातीवर. पण न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचे डॉलर नेमके तिथेच कमजोर ठशाचे निघतात. गंमत म्हणजे आपल्या रुपयाशी त्याचं थेट नातं आहे. पहिल्या महायुद्धात इथे चांदी कमी पडली, तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या गरजेसाठी ब्रिटनला विकली.

भाव

पूर्ण वजनाच्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते, १९४०–४५ च्या रुपयात ५.८३. त्या दिवसाच्या भावाने हा आकडा आधी काढा. त्याच्या वर जे मागितलं जातंय ते दर्जाचे आणि दुर्मिळतेचे पैसे. १९१६ ते १९१९ चे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले, त्यांत फाइन किंवा व्हीएफसाठी चांदीपेक्षा फार जास्त देण्यात अर्थ नाही. शिकायला मात्र तेच उत्तम: याच सालांचे चार-पाच, एकमेकांपेक्षा थोडे कमी-जास्त झिजलेले घ्या आणि मोजपट्टी म्हणून जवळ ठेवा. खरेदी दिवाळीनंतर करा, धनत्रयोदशीच्या आधी मागणी चढलेली असते.

तुमचा दर्जा विक्रेत्यापेक्षा एक पायरी खाली आला तर तुमच्या दर्जाचा भाव सांगा, आणि कारण दाखवा: 'भैया, हाथी की झूल देखो, घिस गई है।' वाद न घालता जागा दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाशी विक्रेते नीट बोलतात. दोन पायऱ्यांचा फरक पडला तर भाव करत बसू नये. महाग नाण्यासाठी पावतीवर साल, टांकसाळ, लिहिलेला दर्जा आणि सात दिवसांत परत घेण्याची अट मागा. परदेशी संस्थेकडे पाठवून दर्जा ठरवून आणू, हा बेत शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला चालत नाही; १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही.

घरी ठेवताना मऊ, वास येणारे पीव्हीसीचे पाकीट टाळा. त्याने काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, आणि तो काढायला गेलं की पुन्हा सफाईच्या रेघा.