टाचेच्या भेगा बघा आधी, मग पाण्यात उतरा

मंडळी, पाऊस धरलाय. आरेतले तबेलेवाले असोत, गोराई-मनोरीला लावणीला उतरणारे असोत नाहीतर रेल्वेलाइनच्या कडेला पालक-माठ लावणारे, सगळ्यांसाठी लिहितोय. विषय लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पडला ते सगळ्यांना आठवतं, पण पाणी ओसरल्यावर जे ताप आले ते विसरलो आपण. लेप्टोचा जंतू गटाराच्या पाण्यात आपोआप तयार होत नाही, तो येतो उंदीर-घुशींच्या मुतातून, गुरं, डुकरं, कुत्री यांच्याही, आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो. मग कापलेलं बोट, टाचेची भेग, बोटांमधल्या चिखल्या, डोळे, जिथून वाट मिळेल तिथून आत. उंदराला स्वतःला काही होत नाही, तो मजेत हिंडतो.

गमबूट घाला असं सगळेच सांगतात. तबेल्यात घाला, जरूर घाला, पण लावणीच्या चिखलात गमबूट घालून चार पावलं चालून दाखवा कोणी! पाय निघतो, बूट तिथेच. म्हणून भेगांवर लक्ष द्या, रोज रात्री पाय धुऊन सुकवून खोबरेल लावा, जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी, मोठी असेल तर त्या दिवशी बांधावरचं काम घ्या आणि दुसऱ्याला खाचरात पाठवा. काम झालं की साबण आणि नळाचं पाणी, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. त्याच डबक्यात हातपाय खंगाळून घरी येणारे आपल्यातच आहेत, मी पण केलंय.

तबेल्यात खरा खेळ पेंडीचा. सरकी पेंड, चुनी गोणीत उघडी ठेवली म्हणजे घुशींना आमंत्रणच, झाकणाचे ड्रम घ्या, गव्हाणीतलं उरलेलं रात्री उचला. बिळं काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवा. विषाच्या गोळ्या गव्हाणीजवळ नकोच, म्हशीच्या तोंडात गेलं तर वेगळंच संकट. पाइपने जोरात धुताना शिंतोडे तोंडावर उडतात, धार थोडी खाली धरा. साचलेलं पाणी काढून जागा सुकू द्या, ऊन लागलं आणि कोरडं पडलं की हा जंतू तग धरत नाही.

म्हशीने अचानक दूध कमी केलं, लघवी लाल झाली किंवा गाभ टाकला तर डॉक्टरला बोलवा आणि ते जनावर बाजूला बांधा. जार, म्हणजे गर्भासोबत पडणारी वार, उघड्या हाताने उचलू नका, ग्लोव्हज घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यालाही आत येऊ देऊ नका, आणि त्याची दरवर्षीची लस देताना त्यात लेप्टो आहे का ते विचारून घ्या.

आता माणसाचं. साचलेल्या पाण्यात चालला असाल तर 24 ते 72 तासांत पालिकेच्या दवाखान्यात जा, तिथे डॉक्सीसायक्लिन देतात, डोस किती ते जखम होती का, किती वेळा पाण्यात गेलात यावर डॉक्टर ठरवतो. गरोदर बाई आणि 8 वर्षांखालची पोरं यांना ते चालत नाही, दुसरं औषध असतं, तेव्हा घरात उरलेली गोळी वाटू नका.

ताप बहुतेक 5 ते 14 दिवसांनी येतो, म्हणजे पाण्याची आठवणही राहत नाही. डोकं ठणकतं, डोळे लाल, आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाहीत. प्लेटलेट इथेही उतरतात म्हणून पुष्कळदा डेंग्यू समजून दिवस जातात. पेनकिलर खाऊन धार काढत बसू नका, किडनीवर येतं. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, खोकल्यातून रक्त आलं तर थेट मोठं हॉस्पिटल. आणि डॉक्टरने विचारो न विचारो, पहिलं वाक्य हेच टाका, मी तबेल्यात काम करतो, किंवा मागच्या आठवड्यात लावणीला होतो.