आयरिश योद्धा उभा करताना या चुका टाळा

कमरेला चौकड्यांचा किल्ट, अंगात चामड्याचं चिलखत, चेहऱ्यावर निळे पट्टे आणि हातात लांबलचक तलवार. 'प्राचीन आयरिश योद्धा' करायचा म्हणून नवीन माणूस पहिल्यांदा जे घालून येतो ते जवळजवळ नेहमी असंच असतं. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना सुरुवातीच्या मध्ययुगीन आयर्लंडमध्ये आधार नाही. चौथी होती, पण मोजक्यांकडे, आणि तीसुद्धा बहुतेक अशी लांब नव्हती. जुन्या काळातले कपडे आणि शस्त्रं घेऊन इतिहास लोकांपुढे उभा करणारा आमचा एक हौशी गट आहे; इथे आयर्लंडमध्ये मी त्याची भाल्यांची कवायत घेते. नवीन लोकांत अधूनमधून मराठी मुलंमुलीही असतात. त्यांना तोंडी जे पुन्हा पुन्हा सांगते ते एकदा लिहून ठेवते आहे.

शतकांची सरमिसळ

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती खरेदीच्या आधी होते. 'प्राचीन आयर्लंड' असा एकच काळ नाही. लोहयुग वेगळं, पाचव्या ते बाराव्या शतकाचा काळ वेगळा, तेराव्या शतकापासूनचे भाडोत्री कुऱ्हाडधारी वेगळे आणि सोळाव्या शतकातले हलके पायदळ वेगळे. इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात आधी समोर येतं ते जर्मन चित्रकार ड्यूररचं 1521 चं रेखाचित्र आणि 1581 मधली इंग्रजांनी छापलेली लाकडी ठशांची चित्रं. जमिनीकडे लोंबणाऱ्या प्रचंड बाह्या, केशरी अंगरखा, छातीपुरतं आखूड जाकीट हे सगळं तिथलं. मग कोणीतरी तेच कपडे शिवतो आणि 'मी कू खुलिन', म्हणजे जुन्या आयरिश वीरकथांचा नायक, म्हणून उभा राहतो. सातवाहनांच्या सैनिकाला पेशवाई पगडी घालण्यासारखं आहे हे. आपल्याकडे कोणी असं केलं तर आपण लगेच हरकत घेऊ. मग आयरिश लोकांच्या इतिहासाला तेवढाच मान का नको?

दलदलीत सापडलेल्या कपड्यांचंही असंच होतं. डेरी परगण्यात डंगिव्हनजवळ 1956 मध्ये चौकड्यांची तंग विजार, कोट आणि झगा असा पूर्ण पोशाख मिळाला. फार सुंदर आहे, पण सतराव्या शतकातला आहे. जमिनीतून निघालं म्हणजे जुनं, आणि जुनं म्हणजे आपल्या काळातलं, हा विचार कृपया सोडा.

माझी सवय सांगते. वहीच्या पहिल्या पानावर एक साल आणि एक जागा लिहायची. माझं 'इ.स. 850, मीथ' असं आहे; मीथ हा डब्लिनजवळचा परगणा. पुढच्या पानांवर प्रत्येक वस्तूसमोर ती कुठे सापडली किंवा कुठल्या कोरीवकामात दिसते ते लिहायचं. ज्या वस्तूसमोर काही लिहिता येत नाही ती विकत घ्यायची नाही. या काळासाठी आधार भरपूर आहेत. मीथमधल्या लागोर इथे तळ्यातल्या कृत्रिम बेटावर राजघराण्याची वस्ती होती. तिथल्या 1930 च्या दशकातल्या उत्खननात शस्त्रं, चामडं आणि लोकरीच्या कापडाचे तुकडे मिळाले. मोनास्टरबॉइसच्या दगडी क्रूसावर, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचं काम, ख्रिस्ताच्या अटकेच्या प्रसंगात दोन्ही बाजूंना तलवारी घेतलेले सैनिक कोरले आहेत. केल्सच्या ग्रंथात, म्हणजे सुमारे इ.स. 800 च्या सचित्र ख्रिस्ती हस्तलिखितात, एका पानावर भाला आणि लहान गोल ढाल घेतलेला इवलासा योद्धा आहे. डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय तर फुकट आहे. डब्लिनमध्ये राहून तिथे एकदाही न गेलेला माणूस ऑनलाइन 'केल्टिक सेट' मागवतो, याचा मला खरोखर राग येतो.

कपडे

मूळ पोशाख दोनच वस्तूंचा: आत लिननचा अंगरखा, म्हणजे लेन्ये, आणि वर लोकरीचं आयताकृती पांघरूण, म्हणजे ब्रात. श्रीमंतांचा अंगरखा लांब असे. अंगमेहनतीच्या आणि लढाईच्या माणसांना आखूड जाकीट आणि विजार सोयीची. नवीन लोक अंगरख्याला आजच्या शर्टासारखा गोल मुंढा कापतात. मग हात वर नेला की सगळा कपडा वर ओढला जातो. सरळ चौकोनी तुकडे कापा, बगलेत लहान चौकोन जोडा, बाजूंना कळ्या घाला. कापड वाया जात नाही आणि भाला उचलताना अडकत नाही. बाहेरून दिसणारी शिवण तरी हाताने घाला. आतली मशीनवर घातलीत तर मी काही बोलणार नाही.

रंगाबद्दल थोडं. लिनन रंग नीट धरत नाही, लोकर छान धरते. म्हणून अंगरखा पांढरट राहू द्या आणि हौस पांघरुणावर करा. तांबड्यासाठी मंजिष्ठेच्या कुळातलं मॅडर आणि निळ्यासाठी वोड नावाची वनस्पती, हे दोन्ही रंग त्या काळात आयर्लंडमध्ये होते. वोडमधला निळा आणि आपल्या निळीतला निळा रासायनिकदृष्ट्या एकच, त्यामुळे वोड मिळालं नाही तर नीळ खुशाल वापरा. मॅडरसाठी लोकर आधी तुरटीत उकळून घ्या. नीळ-वोडला तुरटी लागत नाही. बाजारी पावडरीचा झगझगीत पोपटी दहा पावलांवरून ओळखू येतो.

आमच्यातल्या एका मुलाने सोलापूरकडची जुनी घोंगडी ब्रात म्हणून आणली होती. पुष्कळांनी नाकं मुरडली. मी मात्र ती ठेवून घ्यायला सांगितली. हाताने कातलेली लोकर, आयताकृती कापड, पाऊस झेलणारी वीण: साध्या सैनिकाच्या अंगावर ती पॉलिस्टरच्या 'केल्टिक क्लोक'पेक्षा कितीतरी जास्त शोभते. फक्त ती कडक असते, खांद्यावर नीट बसायला वापरावी लागते.

खांद्यावरची पिन जाड आणि लांब हवी, आणि कापडाची वीण थोडी सैल. दाट विणीच्या कापडात बोथट पिन घुसवली की भोक पडतं आणि दुसऱ्या हंगामात फाटतं. पुरुषांनी पिन खांद्यावर लावावी आणि तिचं टोक बाहेर येऊ देऊ नये, कोणाला लागलं तर जबाबदारी लावणाऱ्याची, असा नियम जुन्या आयरिश कायद्यातच आहे. रांगेत खांद्याला खांदा लावून उभं राहिलात की तो का केला असेल ते कळतं. 'तारा ब्रूच' या प्रसिद्ध आयरिश पिनेची नक्कल साध्या सैनिकाला लावू नका. तो सुमारे इ.स. 700 चा अव्वल दर्जाचा दागिना आहे, राजाच्या अंगावरचा.

तलवार आधी, भाला नंतर

ही माझी दुसरी दुखरी नस. प्रत्येकाला पहिल्या महिन्यात तलवार हवी असते. आयर्लंडमधल्या लोहयुगीन तलवारींची पाती बहुतेक 37 ते 46 सेंटिमीटरची आहेत, म्हणजे मोठ्या सुऱ्याच्या जवळपास. लागोरच्या तलवारीही आखूडच. वीरकथांतले लांब घाव घालणारे खड्ग लोहयुगातल्या वस्तूंशी जुळत नाही, त्याचं वर्णन व्हायकिंग काळातल्या तलवारीशी जुळतं, हे पुरातत्त्वज्ञ जे. पी. मॅलरी यांनी 1981 मध्ये दाखवून दिलं. बॅलिंडेरीला 1928 मध्ये सापडलेली प्रसिद्ध तलवारही व्हायकिंग पद्धतीची, पात्यावर उल्फबर्ट हे त्या काळातल्या उत्तम पात्यांवर आढळणारं नाव असलेली. अशी वस्तू धनिकाकडेच असणार. साधा माणूस भाला आणि ढाल घेऊन लढला. तुम्हीही तेच घ्या.

भाला घेताना लोक सगळं लक्ष पात्यावर देतात आणि दांड्याकडे बघत नाहीत. एका उन्हाळी कार्यक्रमातली गोष्ट. एका तरुणाने चांगलं बोथट केलेलं पातं मागवलं होतं. दांडा मात्र हार्डवेअरच्या दुकानातली पाइनची गोल काठी, आणि पातं बसवलेलं नुसत्या इपॉक्सीने. दांडा आधी दाखवून घे असं त्याला सांगितलं होतं, पण तो कार्यक्रमाच्या दिवशी ऐनवेळी आला आणि थेट रांगेत उभा राहिला. कवायतीत समोरच्याची ढाल त्याच्या भाल्यावर आदळली. दांडा पकडीच्या पुढे तिरका तुटला, आणि पात्यासकट पुढचा तुकडा दोरीपलीकडे बसलेल्या लहान मुलांच्या पुढ्यात पडला. कोणाला लागलं नाही. आम्ही तिथेच कवायत थांबवली आणि त्या दिवशी पुन्हा भाले उचलले नाहीत. नंतर मी ते तुकडे हातात घेऊन पाहिले. लाकडाच्या रेषा काठीला समांतर नव्हत्या, तिरक्या बाहेर पडत होत्या, आणि त्याच रेषेवर ती तुटली होती. पातं मी हाताने ओढलं तर तेही निघून आलं.

म्हणून दांडा असा करा. लाकूड ॲशचं. जमलं तर करवतीने कापलेलं घेऊ नका, पाचर ठोकून चिरलेलं घ्या, कारण चिरलं की लाकूड स्वतःच्या रेषेवरच फाटतं. तयार काठी घ्यावी लागलीच तर बुंध्याकडची एक रेषा बोटाने धरा आणि ती टोकापर्यंत पोचते का बघा. मध्येच कडेला निसटली तर काठी परत ठेवा, कितीही स्वस्त असली तरी. टोक निमुळतं करताना पात्याच्या पोकळ नळीत आतून काजळी लावा, दांडा दाबून बसवा, बाहेर काढा, आणि जिथे काळं लागलं असेल तेवढंच तासा. दांड्याच्या टोकाला सगळीकडे सारखी काजळी लागेपर्यंत हे करत राहा. संध्याकाळ जाते, जाऊ द्या. मग नळीच्या भोकातून आरपार खिळा घालून दोन्ही बाजूंनी ठोकून बसवा. गोंद लावायचाच असेल तर खिळ्याच्या जोडीला लावा, त्याच्याऐवजी नको. शेवटी जवसाचं तेल पातळ थरांत चोळा, आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

मी प्रत्येक कार्यक्रमाआधी सगळ्यांचे भाले ओढून, पिळून आणि गुडघ्यावर थोडे वाकवून बघते. याला कंटाळणारा माणूस माझ्या रांगेत उभा राहत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ढाल नव्वद सेंटिमीटरची व्हायकिंग चकती करू नका. आयर्लंडमध्ये मिळालेल्या ढालींच्या मधल्या लोखंडी वाट्या लहान आहेत, ढालही हाताला हलकी वाटली पाहिजे. टिपरेरीतल्या क्लोनूराची चामडं चढवलेली लाकडी ढाल लहान आणि आयताकृती आहे, पण ती लोहयुगातली, 850 च्या माणसाला देऊ नका. क्लोनब्रिनची जाड चामड्याची ढाल तर कांस्ययुगातली, तीही तशीच.

चामड्याचं चिलखत नको, शिंगांचं शिरस्त्राण तर मुळीच नको. बाराव्या शतकाच्या शेवटी नॉर्मन लोकांबरोबर आलेला वेल्सचा धर्मगुरू जेराल्ड आयरिश लोक चिलखताविना लढतात असंच लिहितो. मोठी कुऱ्हाड त्यांनी नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, लोकांकडून घेतली, आणि ते ती एकाच हाताने, अंगठा दांड्यावर सरळ ठेवून चालवतात, हेही त्यानेच नोंदवलं आहे. म्हणजे 850 च्या मीथमधल्या माणसाला कुऱ्हाड द्यायची घाई करू नका.

अंगाला निळा रंग फासण्याबद्दल सीझरने ब्रिटनच्या लोकांविषयी लिहिलं, आयरिश लोकांविषयी नाही.

बूट उलटे शिवून मग सुलटे करतात, तळवा पातळ असतो, ओल्या गवतावर घसरतो. खिळे ठोकू नका, चालायची पद्धत बदला, पाऊल सपाट टेकवा.

आणि घरातून निघताना भाल्याच्या पात्यावर चामड्याची टोपी, त्यावर कापड, आणि पातं काढता येत नसेल तर अख्खा भाला पिशवीत. 1990 च्या कायद्याने इथे सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय धारदार किंवा टोकदार वस्तू बाळगणं गुन्हा आहे. बसमध्ये उघडा भाला घेऊन बसू नका, आणि कार्यक्रमाचं निमंत्रणपत्र खिशात ठेवा.