माशातल्या प्रथिनावर हात बसवा: रेसिड्यूंचे संपर्क कसे काढायचे

गोव्यात ज्याला मासा चालत नाही, त्याच्या पंचाईतीमागे बहुतेक वेळा एकच प्रथिन असतं: पार्व्हाल्ब्युमिन. माशाच्या पांढऱ्या स्नायूत ते भरपूर असतं, आणि हुमण कितीही रटरटा उकळलं तरी त्याचा ॲलर्जी करण्याचा गुण बराचसा शिल्लक राहतो. अमिनो आम्लांचे आपापसातले संपर्क मोजायला शिकायचं असेल तर ह्याच प्रथिनापासून सुरुवात करा. साखळी एकच, १०८ रेसिड्यूंची, म्हणजे साखळीत गुंफलेल्या अमिनो आम्लांची. त्यात आर्जिनिन एकच, हिस्टिडिन एकच, सिस्टिन एकच. ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, प्रोलिन, मेथिओनिन अजिबात नाहीत. फिनाइलॲलॅनिन मात्र दहा. इतका मोजका संसार असला की स्क्रिप्टची चूक लगेच उघडी पडते.

रचना घ्यायची कार्प माशाच्या पार्व्हाल्ब्युमिनची, प्रोटीन डेटा बँकेतला कोड ४सीपीव्ही, रिझोल्यूशन १.५ अँगस्ट्रॉम. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, आणि रिझोल्यूशनचा आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट. (कार्प हा गोड्या पाण्यातला मासा. पणजीच्या बाजारात बांगडा-इसवणीपुढे त्याला कोण विचारतो! पण ईएफ-हँड ह्या कॅल्शियम धरणाऱ्या घडीला नाव मिळालं ते ह्याच प्रथिनाच्या ई आणि एफ हेलिक्सवरून, म्हणजे मळसूत्री भागांवरून, १९७३ साली.) साधा लॅपटॉप, पायथन, बायोपायथन (अशा फाइली वाचणारी पायथनची लायब्ररी) आणि डोळ्यांनी बघायला कायमेराएक्स किंवा पायमोल, एवढ्यावर भागतं.

फाइल उतरवली की आधी क्रमांक तपासा. एमएमसिफ फाइलमध्ये रेसिड्यूला दोन क्रमांक असतात: एक डेटा बँकेचा, १ पासून सलग, दुसरा लेखकांनी दिलेला, शोधनिबंधात वापरतात तो. साखळीच्या टोकाला ॲसिटिल गट असेल आणि तोही सलग क्रमांकात धरला गेला असेल, तर पुढचं सगळं एका घराने सरकतं. खूण सोपी आहे: ५१ वर ॲस्पार्टेट आणि ७५ वर आर्जिनिन दिसलं पाहिजे. ५१ वर आयसोल्यूसिन किंवा ग्लुटामिन आलं, तर तिथेच थांबा.

मग पर्यायी जागा. एकाच साइड चेनच्या, म्हणजे अमिनो आम्लाच्या बाजूच्या फांदीच्या, दोन स्थिती नोंदवलेल्या असल्या तर त्यातली जास्त ऑक्युपन्सीची, म्हणजे जास्त वेळा आढळणारी, घ्या, आणि दोन्ही सारख्याच असतील तर सगळीकडे 'ए' नावाची घ्या. दोन्ही ठेवल्या तर एकच साइड चेन दोन ठिकाणी हजर राहून दुप्पट संपर्क दाखवते. पाणी आणि कॅल्शियम मात्र आत्ता काढून टाकू नका. 'हेटॲटम', म्हणजे साखळीबाहेरच्या अणूची नोंद, दिसला की सरसकट पुसायची सवय पुष्कळांना असते, आणि ह्या प्रथिनात ती सगळ्यात महाग पडते. कशी ते पुढे येईलच.

आता संपर्क म्हणजे काय ते ठरवा. संपर्क फाइलमध्ये लिहिलेला नसतो, अंतराची मर्यादा घालून तो आपणच काढतो. तेव्हा आधी प्रश्न, मग आकडा. घडीचा एकूण आराखडा बघायचा असेल, दोन रचना किंवा मॉडेल ताडून पाहायची असतील, तर बीटा कार्बनमधलं (साइड चेनचा पहिला कार्बन) ८ अँगस्ट्रॉम अंतर घ्या; ग्लायसिनला बीटा कार्बन नसतो, तिथे आल्फा, म्हणजे साखळीच्या कण्यातला. कोण कोणाला खरोखर टेकलंय हे हवं असेल तर हायड्रोजन सोडून बाकी कुठलेही दोन अणू ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत आहेत का ते पाहा.

ह्या दोन याद्या एकच निघत नाहीत, आणि निघूही नयेत. फिनाइलॲलॅनिनच्या आल्फा कार्बनपासून रिंगचं टोक साधारण ५ अँगस्ट्रॉम लांब असतं. समोरासमोरच्या दोन रिंगा एकमेकींना टेकलेल्या असतात तेव्हा त्यांचे आल्फा कार्बन १० अँगस्ट्रॉमहून दूर असू शकतात. म्हणून पार्व्हाल्ब्युमिनच्या गाभ्यातल्या फिनाइलॲलॅनिनांबद्दल बोलताना आल्फा किंवा बीटा कार्बनची यादी वापरू नका. जी दाटी तुम्ही शोधताय तीच तिच्यातून गळते.

बायोपायथनच्या नेबरसर्चला (जवळचे अणू शोधणारा भाग) सगळे अणू द्या, ४.५ त्रिज्या आणि रेसिड्यूची पातळी सांगा, जोड्या क्षणात हातात येतात. पण तो साखळीतले शेजारी गाळत नाही. सलग दोन रेसिड्यूंचे आल्फा कार्बन ३.८ अँगस्ट्रॉमवर असतातच, आणि हेलिक्समध्ये तीन-चार घरं पुढचाही जवळच असतो. एकूण ५७७८ जोड्या शक्य आहेत. क्रमांकातला फरक ४ पेक्षा कमी असलेल्या ३१८ गाळल्या की ५४६० उरतात. हेलिक्समधलेही संपर्क हवे असतील तर ही चाळण ठेवा. दूरच्या भागांची गाठभेट बघायची असेल तर ६, १२ किंवा २४ लावा. प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधण्याच्या स्पर्धांमध्ये २४ आणि त्यापुढच्याला लांब पल्ल्याचा संपर्क म्हणतात. चाळण कुठली लावली ते लिहून ठेवा, कारण ७५ चं आर्जिनिन आणि ८१ चं ग्लुटामेट, म्हणजे ह्या प्रथिनातला सगळ्यात प्रसिद्ध मिठाचा पूल (विरुद्ध भारांच्या दोन साइड चेनची जवळीक), सहाच घरांवर आहे. १२ ची चाळण लावलीत की तो गायब.

हा पूल एकदा हाताने मोजा. आर्जिनिनचे साइड चेनमधले तीन नायट्रोजन आणि ग्लुटामेटचे साइड चेनमधले दोन ऑक्सिजन घ्या, सहाही अंतरं काढा आणि सगळ्यात लहान उचला. ते ४ अँगस्ट्रॉमच्या आत असलं तर मिठाचा पूल. मग त्याच जोडीचं आल्फा कार्बनचं अंतर शेजारच्या रकान्यात लिहा. दोन्ही आकडे एका ओळीत दिसले की अणुपातळी कशाला हवी ते वेगळं समजवावं लागत नाही. हा पूल प्रथिनाच्या आत, पाण्यापासून लांब पुरलेला आहे, म्हणून महत्त्वाचा. पृष्ठभागावरच्या पुलांना तेवढा भाव देऊ नका. तिथे लायसिनची शेपटी हलती असते, आणि बी-फॅक्टर (अणूच्या जागेची अनिश्चितता) जास्त असेल तर त्या अंतराचा भरवसा कमी धरा.

आता कॅल्शियम. इथे दोन कॅल्शियम बसलेत. प्रत्येकाभोवती ३ अँगस्ट्रॉमच्या आतले ऑक्सिजन मोजा; बहुतेक २.३ ते २.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास भेटतील. पहिल्या जागेत ५१, ५३, ५५, ५७, ५९ आणि ६२ हे सहा रेसिड्यू सात ऑक्सिजन देतात, कारण ६२ चं ग्लुटामेट दोन्ही हातांनी धरतं. दुसऱ्या जागेत ९०, ९२, ९४, ९६ आणि १०१ हे पाच रेसिड्यू सहा देतात, आणि सातवा पाण्याचा. दुसऱ्या जागेत सहाच आले तर तुम्ही पाणी पुसलंय. पहिल्या जागेत सहाच आले तर बहुधा रेसिड्यू मोजलेत, अणू नाहीत. स्क्रिप्ट बरोबर चालतेय का हे बघायला ह्याहून सोपी परीक्षा नाही.

आणि कॅल्शियम पुसून बघा काय होतं ते. ॲस्पार्टेट, ॲस्पार्टेट, ग्लुटामेट, सगळे ऋणभारित, तीन-साडेतीन अँगस्ट्रॉमवर एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. 'नायट्रोजन किंवा ऑक्सिजनची कुठलीही जोडी ३.५ च्या आत म्हणजे हायड्रोजन बंध' असा आळशी नियम लावलेला असेल तर स्क्रिप्ट त्यांना बंध म्हणून नोंदवते. दोन्ही बाजूंना फक्त हायड्रोजन घेणारे, देणारा कोणीच नाही, मग बंध कसला? त्यांना धरून ठेवणारा धातू मधून काढलाय, एवढंच. नियमात एक बाजू देणारी आणि दुसरी घेणारी हवीच. हायड्रोजन रिड्यूससारख्या प्रोग्रामने बसवून घेतले तर देणारा–हायड्रोजन–घेणारा हा कोनही १२० अंशांच्या वर आहे का ते तपासता येतं. रिड्यूस ॲस्पॅराजिन आणि ग्लुटामिनची उलटी बसलेली टोकंही सुलटी करतो. एक्स-रेमध्ये त्यांचा नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळपास सारखाच दिसतो.

तसाच फसवा ९६ चा लायसिन. यादीत 'लायसिन–कॅल्शियम' वाचून धनभार धनभाराजवळ कसा, असा प्रश्न पडतो. कॅल्शियमला धरतो तो लायसिनच्या बॅकबोनचा, म्हणजे साखळीच्या कण्याचा, ऑक्सिजन. भारित शेपटीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून प्रत्येक संपर्कापुढे अणूंची नावं लिहा आणि बॅकबोन की साइड चेन ते वेगळ्या रकान्यात टाका. ५८ आणि ९७ ही आयसोल्यूसिनची जोडीही बॅकबोनचीच: दोन्ही कॅल्शियम-फासे, म्हणजे कॅल्शियम धरणारी वळणं, हायड्रोजन बंधांनी एकमेकांना जोडणारी, ३९ घरांच्या पल्ल्याची.

खालची मर्यादाही तपासा. साखळीचे कुठले कोन शक्य आहेत ते दाखवणारा रामचंद्रन यांचा १९६३ चा प्रसिद्ध आलेख मुळात ह्याच प्रश्नातून आला: बंध नसलेले दोन अणू किती जवळ येऊ शकतात? त्यांच्या कोष्टकात कार्बन–कार्बनला ३.२ अँगस्ट्रॉम नेहमीची आणि ३.० टोकाची मर्यादा होती. बंध नसलेले दोन कार्बन त्याहून जवळ सापडले तर ती टक्कर आहे, रचनेतला दोष. संपर्क म्हणून मिरवू नका.

बाकी दोन गोष्टी झटपट. स्फटिकात शेजारच्या रेणूशी होणारे स्पर्श ह्या मोजणीत येत नाहीत, पण पृष्ठभागावरची एखादी साइड चेन वेडीवाकडी वाटली तर तिकडे बघा. आणि रिझोल्यूशन ३ अँगस्ट्रॉमच्या आसपासचं असेल तर साइड चेनच्या बंधांबद्दल बोलू नका, ८ अँगस्ट्रॉमच्या नकाशावरच थांबा.

इथवर हात बसला की बांगड्याच्या पार्व्हाल्ब्युमिनचा क्रम घ्या आणि अल्फाफोल्डचं (क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणारा प्रोग्राम) मॉडेल तपासा. त्या फाइलीत बी-फॅक्टरच्या रकान्यात विश्वासाचा आकडा असतो, आणि तो उलटा वाचायचा: जास्त म्हणजे चांगलं, ७० च्या खालचे रेसिड्यू यादीतून वगळा. पाणी नाही, धातू नाही. फासे मात्र बहुधा नीट घडी घातलेले असतील आणि ऋणभारित साइड चेन मधल्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसलेल्या असतील. तुमच्या स्क्रिप्टने तिथे हायड्रोजन बंध मोजले, तर वरचा देणारा-घेणाऱ्याचा नियम अजून नीट बसलेला नाही.