हौशी नाट्यसंस्थेचा रोजचा कारभार कसा सांभाळावा

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातील हौशी नाट्यसंस्था वर्षाकाठी फार तर दोन-तीन नाटके उभी करते. प्रयोगाचे दिवस त्यामुळे मोजकेच असतात आणि बाकीचे वर्ष तालमी, सामानाची देखभाल, पत्रव्यवहार आणि हिशेब यांत जाते. संस्थेतील माणसे दिवसभर शाळेत शिकवतात, बँकेत बसतात, दुकान सांभाळतात, घर चालवतात आणि संध्याकाळी मानधनाची अपेक्षा न ठेवता नाटकासाठी येतात. त्यांची ती संध्याकाळ हेच अशा संस्थेचे खरे भांडवल होय. म्हणून कारभार बसवताना प्रत्येक व्यवस्थेला एकच कसोटी लावावी: हिच्यामुळे कोणाची संध्याकाळ वाया जाते का? पुढील सूचना याच कसोटीवर घासून घेतलेल्या आहेत.

पहिला प्रश्न तालमीच्या जागेचा. स्वतःची वास्तू असलेल्या हौशी संस्था थोड्याच आहेत. बहुतेकांना शाळेचे सभागृह, मंगल कार्यालय किंवा वाचनालयाचा दिवाणखाना यांवर भागवावे लागते. यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही, कारण दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने 1974 पासून जे प्रयोग घडवले त्यांना पुढे मराठी रंगभूमीच्या इतिहासात एका चळवळीचे नाव मिळाले. मात्र जागा कोणाच्या ओळखीवर मिळाली असली तरी परवानगी लेखी घ्यावी आणि तीत वार, वेळ, विजेच्या बिलातील वाटा, स्वच्छतागृहाचा वापर आणि शाळेच्या परीक्षांचे वगळायचे दिवस यांचा स्पष्ट उल्लेख असावा. तालीम संपल्यावर बाके जशी होती तशीच लावून, फरशीवर झाडू मारून आणि पंखे-दिवे बंद करूनच कुलूप घालावे. सकाळी पहिल्या तासाला येणाऱ्या शिक्षकाला रात्री इथे कोणी आले होते हे जाणवता कामा नये. जागा वर्षानुवर्षे टिकते ती यामुळेच. किल्ली एकाकडे आणि दुसरी किल्ली सभागृहाजवळ राहणाऱ्या सभासदाकडे ठेवावी, म्हणजे किल्लीवाला अडकला तरी दहा माणसे पायरीवर बसून राहत नाहीत.

तालमीची वेळ संध्याकाळी साडेसात ते दहा ही बहुतेक गावांत सोयीची पडते, पण वेळ कोणती यापेक्षा ती पाळली जाते का, हे महत्त्वाचे आहे. दिग्दर्शकाने दर रविवारी पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक प्रवेशांनुसार लावावे आणि कोणत्या वारी कोणते प्रवेश घेणार, त्यांसाठी कोणकोण लागणार, हे मोबाइलच्या गटावर कळवावे. ज्याचे काम दुसऱ्या अंकात अवघ्या दोन प्रवेशांचे आहे अशा नटाला रोज बोलावून अडीच तास भिंतीला टेकवून बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि असा नट पुढच्या नाटकाला फिरकत नाही. ठरलेल्या वेळी जे हजर असतील त्यांना घेऊन तालीम सुरू करावी; जो आला नसेल त्याची वाक्ये दुसऱ्याने वाचावीत, पण काम थांबवू नये. हजेरीवही ठेवावी आणि तीत येण्याची वेळ ज्याने त्याने स्वतः लिहावी, कारण स्वतःच्या हाताने ‘आठ वाजून वीस मिनिटे’ असे लिहिण्याचा परिणाम दिग्दर्शकाच्या रागावण्यापेक्षा अधिक होतो.

तालीम वेळेवर संपवणे तर माझ्या मते वेळेवर सुरू करण्याहूनही अधिक निकडीचे आहे. ज्या संस्थेत दहाची तालीम साडेअकरापर्यंत लांबते तिथे स्त्री-कलावंत टिकत नाहीत. मग संस्थेचे लोक ‘आमच्याकडे मुली मिळत नाहीत’ अशी तक्रार करतात. कोण कोणासोबत घरी जाणार, शेवटची बस किती वाजता आहे आणि विद्यार्थिनींच्या घरी कोणाचा फोन नंबर दिलेला आहे, हे पहिल्या आठवड्यातच ठरवून वहीत लिहून ठेवावे.

आता तालमीच्या प्रतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हौशी संस्थांत हिची आबाळ सर्वाधिक होते. संहितेची एक प्रत केवळ रंगमंच व्यवस्थापकासाठी असावी. संहितेचे प्रत्येक पान जाड फाइलमध्ये असे लावावे की उजवीकडे छापील संवाद आणि डावीकडे कोरा कागद येईल. डावीकडच्या कागदावर त्या पानावरील हालचालींचा छोटा नकाशा पेन्सिलीने काढावा: कोच इथे, दार इथे, ‘काका तिसऱ्या वाक्याला उठून खिडकीकडे’, ‘सुनेने तांब्या टेबलावर ठेवला, उचलायचा नाही’. पेन्सिलच वापरावी, कारण दिग्दर्शक हालचाली बदलणारच. हालचाली पक्क्या झाल्यावर प्रकाशाच्या खुणा लाल आणि संगीताच्या खुणा निळ्या शाईने संवादाच्या नेमक्या शब्दावर कराव्यात. ‘आई गेल्यावर’ अशी मोघम खूण उपयोगाची नाही. आईचा हात दाराला लागताच दिवे मंद व्हायचे की दार बंद झाल्यावर, हे त्या खुणेवरून कळले पाहिजे. अशी प्रत तयार असली की नट आजारी पडला तर बदली नटाला दोन संध्याकाळींत उभे करता येते आणि पडद्यामागचा माणूस बदलला तरी प्रयोग अडत नाही. वाक्य पुरवण्याचे काम याच प्रतीवरून करावे. मात्र पाठांतराची अखेरची तारीख आधीच जाहीर करून, त्या दिवसानंतर तालमीत संहिता हातात घेण्यास सर्वांनाच मनाई करावी.

वाचनाच्या तालमी आटोपून नाटक उभे करायला घेण्याआधी ज्या नाट्यगृहात प्रयोग करायचा आहे तिथे प्रत्यक्ष जाऊन रंगमंचाची रुंदी, खोली आणि विंगांतील मोकळी जागा टेपने मोजून आणावी. तीच मापे तालमीच्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीने आखावीत आणि दारे, पायऱ्या व लेव्हल (रंगमंचावरचे उंच चौथरे) यांच्या जागाही दाखवाव्यात. सभागृह रंगमंचाहून लहान असेल तर सगळे नाटक कोंबून बसवण्याऐवजी एकेका प्रवेशापुरता भाग खऱ्या मापाने आखणे बरे. चष्मा, छत्री, पाण्याचा पेला, पिशवी या हाताळायच्या वस्तू पाठांतर होताच तालमीत आणाव्यात. चहाचा भरलेला कप हातात असताना वाक्याची लय निराळी पडते आणि ती रंगीत तालमीच्या रात्री कळून फारसा उपयोग नसतो.

हौशी संस्थांपैकी अनेकांचे वर्ष शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेभोवती फिरते. ही स्पर्धा 1954 पासून चालत आली आहे आणि तिच्या केंद्रांवरील प्राथमिक फेऱ्या बहुधा दिवाळीनंतर होतात, त्यामुळे संहितेची निवड पावसाळ्याच्या सुरुवातीलाच व्हायला हवी. गणपतीच्या दहा दिवसांत निम्मी मंडळी मंडळांच्या कामात असतात, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे. निवड झाली की त्याच आठवड्यात परवानग्यांची कामे हाती घ्यावीत. लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो आणि तो वारसांकडे जातो. नाटक अनुवादित असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक अशा दोघांचाही विचार करावा लागतो. परवानगी लेखी असावी आणि मानधन ठरल्याप्रमाणे प्रयोगाआधी पोहोचते करावे. नव्या संहितेला ती तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी संहिता वेळेत पाठवावी आणि प्रमाणपत्राची प्रत नाट्यगृहाच्या अर्जासोबत जोडण्यासाठी हाताशी ठेवावी.

सामान ठेवण्यासाठी मिळणारी खोली बहुधा एखाद्या सभासदाच्या घराची गच्चीखालची किंवा गोदामाची असते. फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंतींच्या कापडी किंवा प्लायवूडच्या चौकटी, जमिनीला टेकवून ठेवू नयेत. विटांवर फळी टाकून त्यांवर उभे करावेत आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कापड व प्लायवूड दोन्हीही ओल धरतात, तेव्हा ऊन पडेल त्या रविवारी फ्लॅट बाहेर काढून सुकवावेत. वेशभूषेचे कपडे घामट अवस्थेत पेटीत गेले की पुढच्या खेपेला ते फेकावेच लागतात; ते धुऊन, कडक वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून आणि पेटीवर यादी चिकटवून ठेवावेत. दरवर्षी 5 नोव्हेंबरला, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या 1843 मधील सांगलीच्या प्रयोगाच्या स्मरणार्थ साजऱ्या होणाऱ्या मराठी रंगभूमी दिनी, नटराजपूजन झाल्यावर सर्वांनी मिळून सामानाची मोजदाद करण्याची प्रथा पाडावी. नव्या सभासदांना संस्थेची ओळख करून देण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

उसनवारीच्या वस्तूंची वही वेगळी असावी. शेजाऱ्यांचा झोपाळा, कोणाच्या आजीची नऊवारी, वाड्यातील पितळी समई अशा वस्तूंवर हौशी नाटकाचे निम्मे नेपथ्य उभे राहते. वस्तू आणताच मोबाइलवर तिचा फोटो काढावा, वस्तूच्या खालच्या बाजूस मालकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि परत करण्याची तारीख वहीत नोंदवावी. वस्तू पुसून, ठरल्या दिवशी आणि प्रयोगाच्या दोन प्रवेशिकांसह परत करावी. काही मोडले असेल तर ते लपवू नये, दुरुस्तीचा खर्च संस्थेने करावा.

विजेच्या बाबतीत धाडस नको. हजार वॉटचा एक दिवा 230 व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर वीज घेतो, म्हणजे पंधरा अँपिअरच्या एका प्लगवर असे तीन दिवे ही शेवटची मर्यादा झाली. शाळेच्या जुन्या वायरिंगवर तेवढाही भार टाकण्याआधी परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. एलईडीचे ‘पार’ जातीचे रंगमंचीय दिवे फारच कमी वीज घेतात आणि त्यांना रंगासाठी पुढे लावायचा जिलेटिनचा कागदही लागत नाही, म्हणून हळूहळू तेच जमवावेत. वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला मुख्य पकडीशिवाय साखळीचा दुसरा आधार असावा. वायरी चालण्याच्या वाटेवर आडव्या आल्या तर त्या पट्टीने फरशीला चिकटवाव्यात. विजेच्या आगीवर पाणी चालत नाही, त्यामुळे कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे विंगेत हाताशी ठेवावे आणि ते कसे चालवायचे हे किमान दोघांना शिकवावे.

प्रयोगाच्या दिवशी नेपथ्याची माणसे सर्वांत आधी, त्यांच्यामागून प्रकाशयोजनेची आणि मग कलावंत असा क्रम ठेवावा, म्हणजे कोणी कोणाच्या पायात येत नाही. विंगेतील एका टेबलावर तपकिरी कागद अंथरून प्रत्येक वस्तूच्या जागी तिची बाह्यरेषा पेनने काढावी आणि आत नाव लिहावे. अंधारात नजर टाकली की कोणती वस्तू जागेवर नाही हे रिकाम्या चौकटीवरून कळते. वस्तू ज्याने उचलली त्यानेच परत ठेवावी. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, अगदी ती वाकडी ठेवलेली दिसली तरीही. नारळ, उदबत्ती आणि रंगदेवतेला नमस्कार झाल्यावर विंगेत फक्त प्रयोगाशी संबंधित माणसेच राहतील, अशी विनंती घरच्या मंडळींनाही नम्रपणे करावी. तिसरी घंटा जाहीर केलेल्या वेळीच द्यावी. पाहुणे यायचे आहेत म्हणून वीस मिनिटे थांबणे म्हणजे वेळेवर आलेल्या तीनशे प्रेक्षकांची संध्याकाळ एकासाठी अडवणे होय.

पडदा पडल्यावर अभिनंदनाची गर्दी होते आणि सामान उतरवायला चारच माणसे उरतात. हे टाळण्यासाठी कोणी काय उतरवायचे आणि टेम्पोत काय आधी चढवायचे, याची यादी मेकअप रूमच्या दारावर लावावी आणि तीत प्रमुख भूमिका करणाऱ्यांचीही नावे असावीत. नायकाने स्वतः फ्लॅटचे एक टोक धरले की बाकीच्यांना सांगावे लागत नाही.

प्रयोगानंतर आठ दिवसांच्या आत जमाखर्च सर्व सभासदांसमोर वाचून दाखवावा. तिकीटविक्री, जाहिराती आणि देणग्या यांच्या पावत्या क्रमांकासह असाव्यात, बँकेच्या खात्यावर दोघांच्या सह्या लागाव्यात आणि रिक्षाच्या भाड्यापर्यंत प्रत्येक खर्चाची चिठ्ठी जपावी. संस्था नोंदलेली असेल तर वार्षिक लेखापरीक्षण करावेच लागते आणि कार्यकारिणीत बदल झाल्यास त्याचा अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात 90 दिवसांत द्यावा लागतो. हे काम कोणी एकाने तारखेसह अंगावर घ्यावे. त्याच बैठकीत पुढच्या संहितेच्या वाचनाचा वारही ठरवून टाकावा, कारण ‘बघू, नंतर जमू’ म्हणून सुटलेली मंडळी पुन्हा एकत्र यायला कित्येक महिने लागतात.